कच्चं पीठ

मैंदर्गी
२७ डिसेंबर २०२४

चि. सौ. पद्मजा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. घरात दोन मोबाइल असताना सासूबाईंना हे काय सुचलं, असं म्हणशील. आंतरदेशीय पत्र मागितलं तर पोस्टमास्तरांनासुद्धा कपाट उघडून शोधावं लागलं. पण फोनवर तू हल्ली ‘हो’, ‘नाही’, ‘बरी आहे’ याच्यापुढे जात नाहीस, आणि तुझा तो कोरडा आवाज कानावर पडला की मला पुढचं काही सुचत नाही. कागद तरी मध्येच बंद होत नाही. सातवीपर्यंत शिकले आहे, अक्षरही अजून बरं आहे, म्हणून धाडस केलं.

वीस नोव्हेंबरला महिना होऊन गेला. तुला आणि माझ्या वेणूला, दोघांनाही निवडणुकीच्या कामाला जुंपलं, म्हणून तुम्ही वैदेहीला, माझ्या पुट्टीला, दोन दिवस माझ्याकडे सोडलंत. आजार कळल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा तू तिला नजरेआड केलंस, आणि मी काय करून ठेवलं! अंगातली साखर टिकत नाही आणि गोडही चालत नाही, असा तिचा आजार. त्यासाठी तू दर चार तासांनी तिला ते पांढरं कॉर्नफ्लोअर पाण्यातून पाजतेस, एवढं मला माहीत होतं. पण पोराच्या पोटात कच्चं पीठ जाऊ द्यायचं नसतं, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. म्हणून मी ते आंबिलीसारखं शिजवलं, वर मीठ-जिरं घातलं. रोज रडत पिणारी पोर त्या दिवशी पेला चाटूनपुसून प्यायली. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! शिजवलं की त्या पिठाचा सगळा गुण जातो, ते झटक्यात जिरतं आणि मग साखर घसरते, हे मला दवाखान्यात गेल्यावर कळलं. तिचे डोळे फिरले तेव्हा शेजारच्या बसप्पाची जीप दारात उभी होती, आणि त्यानं काही न विचारता ती सोलापूरपर्यंत पळवली. त्या माणसाला मी रोज मनातल्या मनात हात जोडते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तू म्हणालीस की माझी मुलगी पुन्हा तुमच्या हाती देणार नाही. आईनं म्हणावं तेच तू म्हणालीस. मी त्याचा राग धरलेला नाही. मात्र घर लई रिकामं वाटतंय. पोर शाळेत जाते का, खाते का, हसते का, एवढं दोन ओळींत लिही.

तू अबोला धरलास तरी पोस्टमन धरणार नाही, या भरवशावर वाट पाहते.

तुंगाबाईचे आशीर्वाद


भवानी पेठ, सोलापूर
१३ जानेवारी २०२५

ती. स्व. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण रोज ते पत्र फ्रिजवरून माझ्याकडे बघत होतं. वैदेही बरी आहे. माझ्याच शाळेत पहिलीत जाते, खाते, हसते, वर्गातल्या मुलांना दटावतेसुद्धा. त्या बाबतीत ती तुमच्यावर गेली आहे.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी मला यावेळी तिच्यापेक्षा जास्त वेळ तपासलं. शेवटी म्हणाल्या की मुलीचे रिपोर्ट चांगले आहेत, आईचं काही खरं नाही. आणि एक पत्ता हातात दिला. असे दुर्मीळ आजार असलेल्या मुलांच्या पालकांचा एक गट आहे, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका वाचनालयाच्या माडीवर जमतो. काल मी गेले. अकरा घरं आणि नऊ आजार! एकाच्या मुलाच्या आजाराचं नाव शेजारच्याला उच्चारता येत नाही. आपण सोडून या जिल्ह्यात असं कोणीच नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते. बैठक रुपालीताई चालवतात. त्या बँकेत असतात, आणि त्यांचा अनिमेष स्नायूंच्या आजारामुळे चाकाच्या खुर्चीवर असतो.

त्यांची एक रीत आहे. चहाच्या आधी फेरा होतो. आपल्या हातून झालेली एक चूक प्रत्येकानं सांगायची. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, ‘असू दे हो’ म्हणायचं नाही, हळहळायचंही नाही. सांगून झालं की शेजारच्यानं कपात चहा ओतून हातात द्यायचा, बस. कुंभारीचे जोतिराम म्हणून एक ड्रायव्हर आहेत. त्यांनी सांगितलं की दिवाळीपर्यंत तू चालशील असं मी लेकाला कबूल केलं होतं, आणि दिवाळी होऊन गेली. त्यांच्याच गावच्या बजाबाई नातवाला, दिग्विजयला घेऊन येतात. त्यांनी सांगितलं की नातू मांडीवर आणि आपण एसटीत अशा गाढ झोपलो की थेट मुक्कामाच्या स्टँडवर जाग आली.

मग माझी पाळी. महिनाभर मनात घोळवलेलं होतं. माझ्या सासूबाईंनी, अशी मी सुरुवात केली, तर रुपालीताईंनी हात वर केला. म्हणाल्या की सासूबाईंची चूक सासूबाई सांगतील, तुमची सांगा. मी म्हणाले की माझी काही चूकच नाही. फेरा पुढे गेला, आणि मला चहा मिळाला नाही. रिक्षात बसले तेव्हा डोक्यात नुसता जाळ होता, तुमच्यावर कमी आणि रुपालीताईंवर जास्त.

राग अजून आहे, खोटं लिहीत नाही. तरी पत्र लिहीत चला. बाबांना नमस्कार.

आपल्या आशीर्वादाची गरज असलेली,
पद्मजा


मैंदर्गी
२४ जानेवारी २०२५

चि. सौ. पद्मजास,
अ. उ. आ.

सुनेनं सासूची चूक चारचौघांत सांगायला जावं आणि तिला चहासुद्धा मिळू नये, हा न्याय मला फार आवडला. तुझ्या सासऱ्यांना वाचून दाखवलं तर ते पूजेचं ताम्हन हातात धरून हसत बसले. रागावू नकोस. घरात किती दिवसांनी कोणी हसलं ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

आणखी एक गंमत. शनिवारी आपल्या मारुतीच्या देवळात पेढ्याचा नैवेद्य असतो, तो यांनी बंद केला. आता फुटाणे वाटतात. चारदोन लोकांनी कुरकुर केली, तर यांनी सांगितलं की आमच्या नातीला गोड चालत नाही, आणि देवाची अजून तरी तक्रार आलेली नाही. मी सांगितलं नव्हतं, त्यांच्याच मनात आलं. पुट्टी कधी देवळात आली तर तिनं हात मागे घेऊ नये म्हणून. येईल तेव्हा येईल, मी घाई करत नाही.

त्या वाचनालयात पुन्हा जा. राग येतो म्हणजे तिथे काहीतरी आहे.

तुझं कुशल इच्छिणारी,
तुंगाबाई


भवानी पेठ, सोलापूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आईंस,
सा. न. वि. वि.

काल मला चहा मिळाला. बजाबाईंनी ओतला, बशीत सांडेपर्यंत.

आठवड्यापूर्वी वैदेहीची प्रवासाची पिशवी धुवायला काढली. आतल्या कप्प्यात माझा तो कागद निघाला, नोव्हेंबरमध्ये तुमच्यासाठी लिहून दिलेला. तुम्ही चार घड्या घालून परत ठेवला होतात. मी तो वाचला, पुन्हा वाचला, मग खाली फरशीवर बसून वाचला. त्यात वेळा आहेत. ग्रॅम आहेत. ‘वेळ चुकवू नये’ याच्याखाली दोन रेघा आहेत. ‘पीठ पाण्यातून द्यावे’ असं आहे. कच्चं, हा शब्द कुठेच नाही. शिजवू नये, गरम पाण्यात कालवू नये, असं काहीच नाही! पहिलीच्या मुलांना रांगेत उभं राहा सांगताना रांग कुठून सुरू होते तेही मी सांगते, आणि माझ्या मुलीचा जीव ज्यावर आहे तेवढंच लिहायचं राहिलं.

फेऱ्यात हे सांगितलं. सांगता सांगता त्याच्या मागची चूकही तोंडातून निघाली, ती तुम्हालाही सांगते. तुम्ही दर खेपेला म्हणायचात की मला शिकव. मी म्हणायची की राहू द्या, तुम्हाला जमणार नाही. वैदेहीला जगवणं मला एकटीलाच येतं, असं मला वाटायचं, आणि त्याचं मला आतून बरं वाटायचं. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. शाळेतही मी कोणाला काही कळू दिलं नव्हतं. अकरा वाजता तिला स्टाफरूममागच्या सामानाच्या खोलीत नेऊन पाजायची. निवडणुकीच्या ड्यूटीतून सूट मागितली असती तर मिळालीही असती. अर्जात आजाराचं नाव लिहावं लागलं असतं म्हणून मागितली नाही.

आज सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला लावलं, पाणी दिलं आणि विचारलं की बाई, हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत? अकराचं पीठ आज स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या समोर झालं. चित्रकलेच्या सरांनी घड्याळाचा गजर लावून घेतला आहे, तुम्ही विसरलात तर मी आहे म्हणाले. मग मी वर्गावर गेले.

व्हरांड्यातलं माझं बोलणं मी मागे घेते. तुमची चूक माझ्या कागदातली होती. क्षमा करा.

तुमची,
पद्मजा


मैंदर्गी
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पद्मजास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस अगदी सुखात होते. सुटले, असं यांना म्हणालेही. तिसऱ्या दिवशी घास गिळवेना. तू एवढं खरं लिहिलंस, आणि मी ते फुकट पदरात पाडून घेत होते.

मी पातेलं शेगडीवर ठेवलं तेव्हा पुट्टी ओट्याला धरून उभी होती. ती म्हणाली की आजी, आई गरम नाही करत. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती पुन्हा म्हणाली. तेव्हा मी हसून तिला गप्प केलं. म्हणाले की तुझ्या आईला स्वयंपाकातलं काय कळतंय!

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, वेणूला नाही, यांनाही नाही. तुझ्या कागदात नव्हतं ते खरं. पण पोरीच्या तोंडात होतं. मी ते मानलं नाही, कारण मानलं असतं तर माझ्या ओट्यापाशी तुझं चाललं असतं. तीन पोरं वाढवली, गावातल्या किती बाळंतिणींना न्हाऊमाखू घातलं, मला कोण शिकवणार, असा तोरा होता. तुझी आमटी पातळ होते म्हणून मी चारचौघींत हसायची, तोच तो तोरा. पण तुझी आमटी पातळ झाल्यानं कोणाचा जीव टांगणीला लागला नव्हता.

आता तुला सगळं कळलं. तू काय ठरवशील ते मला कबूल आहे. पोर दिली नाहीस तरी तिची ख्यालीखुशाली तोडू नकोस, एवढंच.

तुंगाबाई


भवानी पेठ, सोलापूर
१४ मार्च २०२५

ती. स्व. आईंस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे झाले. आज लिहिते आहे.

तुमचं पत्र वाचून मी ते फाडलं. दोन तुकडे केले, आणि मग चिकटपट्टीनं जोडले, कारण वेणीमाधवना दाखवायचं होतं. त्यांनी वाचलं आणि खाली जाऊन स्कूटर पुसत बसले. तुम्हाला फोन लावतो म्हणत होते, मी लावू दिला नाही.

चूक कोणाच्याही हातून होते, हे मी दोन महिने ऐकते आहे. पण माझ्या मुलीनं सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही, हे मला गिळता येईना. ती एवढीशी, आणि स्वतःच्या जिवासाठी बोलली हो! मी तिला विचारलं. तिला सगळं आठवत होतं. म्हणाली की आजी ओरडली नाही, हसली फक्त. मग मला म्हणाली की तूही कधीकधी ऐकत नाहीस.

रविवारी बैठकीला जायचं नाही असं ठरवून मी गेले. फेऱ्यात सांगितलं की मला एक पत्र आलं आहे, ते लिहायला फार हिंमत लागली असणार, आणि मी त्याला उत्तर दिलेलं नाही. चहा घेतला. पुढचं काही मी कोणाला सांगणार नव्हते. पण जिना उतरताना बजाबाईंनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं. फेऱ्यात सल्ला द्यायला बंदी आहे, जिन्यात न्हाय की, असं म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. त्यांचं म्हणणं असं की जी म्हातारी सोताहून सांगती तिच्या हाती पोर द्यावं, आन् जी म्हंती माजं काय बी चुकलं न्हाय, तिला कोंबडी बी देऊ नये. हे सांगून त्या उठल्या आणि एसटी चुकेल म्हणून पळाल्या.

आई, तुम्ही लिहिलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं. वैदेहीनं आपणहून सांगितलं नव्हतं. झाकून ठेवणं तुम्हाला सोपं होतं. मला अजून दुखतं आहे, पण जी बाई असं लिहू शकते तिला मी ओळखतच नव्हते, असंही वाटतं. तेरा एप्रिलला बैठक आहे. तुम्ही या. आदल्या दिवशीच या, म्हणजे राहणं होईल. मी रुपालीताईंना विचारलं, त्या म्हणाल्या की आज्यांची तर आम्ही वाटच बघतो आहोत.

तुमची वाट पाहणारी,
पद्मजा


मैंदर्गी
१८ एप्रिल २०२५

चि. सौ. पद्मजास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. बसप्पा स्टँडवर न्यायला आला होता. वाटेत त्यानं चारदा विचारलं की पोरगी कशी आहे, आणि मी चारदा तेच सांगितलं.

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. हरतालकेची कहाणी सांगते, पण ती पाठ असते. त्या माडीवर पाय ठेवला तेव्हा जीव घाबरा झाला. सगळी तरणी माणसं, डोळ्यांखाली काळं झालेली, आणि तरी कोणाला तरी हसवत बसलेली. माझी पाळी आली तेव्हा मी फार थोडं बोलले, तू ऐकलंसच. नात सांगत होती, मी ऐकलं नाही, इतकंच. कोणी मान हलवली नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. लोक माझ्याकडे बघत होते, पण वाईट बघत नव्हते. आणि शेजारी तूच होतीस, म्हणून चहा तुलाच ओतावा लागला. साखर घालायची विसरलीस. मी तसाच प्याले, आणि सांगते, असा चहा मी जन्मात प्यालेला नाही.

संध्याकाळी पुट्टीची माफी मागितली. तिनं लगेच देऊन टाकली आणि पाठोपाठ रंगपेटी मागितली. पोरांचा व्यवहार चोख असतो.

सोमवारी तू मला ओट्यापाशी उभी केलीस. काट्यावर भांडं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, मग पीठ. पाणी माठातलं. गुठळी राहू द्यायची नाही, तळाशी बसलेलं पुन्हा ढवळून पाजायचं. तू मला तीनदा करायला लावलंस, आणि तिसऱ्यांदा मी स्वतः पेलाभर पिऊन पाहिलं. अय्यो! भिंतीला द्यायचा चुना बरा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे तू साडेतीन वर्षं, दिवसा आणि रात्री गजर लावून, त्या पोरीच्या गळ्याखाली उतरवते आहेस. ती रडते, थुंकते, तोंड फिरवते, आणि तू तरी पाजतेस. मी एकदा तिला चवीचं करून घातलं आणि चांगली आजी झाले. वाईट व्हायचं काम सगळं तुझ्या वाट्याला आलं. माझी नात आज जिती आहे ती तू रोज वाईट झालीस म्हणून. हे मी तुला तिथे तोंडावर सांगणार होते, पण राहून गेलं, म्हणून लिहिते. तुझे उपकार आहेत माझ्यावर, सून म्हणून नव्हे, बाई म्हणून.

बजाबाईंनी मला कोंबडी द्यायची तयारी दाखवली आहे. मारुतीच्या पुजाऱ्याच्या घरात ती घेऊन मी काय करू, असं विचारलं, तर म्हणाल्या की ठिवा की, इस्वास हाय म्हणून देते. लई हसलो दोघी.

पुढच्या महिन्यातही येईन. तुझ्या घरचा चहा आता साखर घालून मिळावा.

तुंगाबाईचे आशीर्वाद


भवानी पेठ, सोलापूर
२६ एप्रिल २०२५

ती. स्व. आईंस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. उमरग्याजवळच्या एका जोडप्याला आठ महिन्यांची मुलगी आहे, आणि तिला वैदेहीचाच आजार निघाला आहे. डॉक्टरीणबाईंनी गटाला कळवलं. नवं घर सापडलं की गटातलं कोणीतरी जाऊन दोन दिवस त्यांच्यात राहतं, अशी रीत आहे. हा आजार आमच्यात फक्त माझ्या घरी, तेव्हा मीच जायला हवं. ती आई पाच दिवस जेवलेली नाही, असं कळलं. साडेतीन वर्षांपूर्वी माझ्याकडे कोणी आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं सारखं मनात येतं.

तीन आणि चार मे. वेणीमाधवही माझ्याबरोबर येणार आहेत, कारण त्या बाळाचे वडील कोणाशी बोलतच नाहीत. रुपालीताईंनी विचारलं की मग वैदेही कुठे राहील. मी म्हणाले की तिच्या आजीकडे. म्हणून बसले, आणि मग तुम्हाला विचारायचं राहिलं हे लक्षात आलं. ठेवाल ना?

कागद देणार नाही. तुम्हाला येतं.

तुमची,
पद्मजा


मैंदर्गी
३ मे २०२५, दुपार

चि. सौ. पद्मजास,
अ. उ. आ.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या पुट्टीला न्यायला आलीस की तिच्या पिशवीत मिळेल.

काल रात्री मला झोप नव्हती, हे कबूल करते. सकाळी तुमची गाडी वळणाआड गेली तेव्हा मी दोन पावलं पुढे धावले. वाटलं, हाक मारून परत बोलवावं, सांगावं की नाही जमणार मला. पण पुट्टी माझं बोट धरून उभी होती आणि तिला देवळात जायची घाई झाली होती. आजोबांनी तिच्या ओंजळीत फुटाणे घातले, तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग खाल्ले.

पीठ मी मागच्या सोप्यात बसून कालवते. शेगडीच्या खोलीत ते भांडं नेतच नाही. सातचं झालं, अकराचं झालं. अकराला ती रडली, मला लाथ मारली, आजी तू वाईट आहेस म्हणाली. मी म्हणाले की असू दे, आणि पाजलं. शेवटचा घोट गेल्यावर तिनं माझ्याच पदराला तोंड पुसलं. मला वाईट म्हटलेलं ऐकून इतका आनंद कधी झाला नव्हता.

दोन वाजल्यापासून मी फोनपाशी बसून होते. तुझा फोन येणार, तू विचारणार, मी काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. काट्याचा आकडा, पाण्याचं माप, सगळं. फोन आला. तू सांगितलंस की ती बाळाची आई आज भाकरी-आमटी जेवली, आणि आमटी तू केली होतीस. बाळाचे वडील आणि वेणू शेतावर फिरायला गेलेत म्हणालीस. तुमच्याकडे उकाडा फार आहे का, मागच्या अंगणात पाणी मारता का, असं विचारलंस. मग आवाज कटायला लागला, आणि उद्या येतो म्हणून तू फोन ठेवलास.

मी घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तीनचं पीठ दिलं का, हे तू मला विचारलंच नाहीस.

दिलं गं बाई, बरोबर तीनला. पुट्टी शेजारी झोपली आहे.

तुझा लोभ आहे, तो मी जपून वापरीन.
तुंगाबाई